लंडनच्या वायव्येकडील हॅरोची नीट ओळख कशी करून घ्यावी?

प्रश्न: नवे बिऱ्हाड

नमस्कार मंडळी.

नोकरीच्या निमित्ताने मी, माझे यजमान आणि प्राथमिक शाळेत जाणारी आमची मुलगी असे आम्ही तिघे लंडनच्या वायव्य टोकाच्या हॅरो बरोमध्ये (बरो म्हणजे स्वतःचे कौन्सिल असलेला शहराचा प्रशासकीय विभाग) राहायला आलो आहोत. घर वेस्ट हॅरो स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनने शहरात जायचे आणि संध्याकाळी परतायचे, एवढाच आमचा या भागाशी सध्या संबंध येतो, आणि तो एवढ्यावरच राहू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी आहे की हा भाग नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हेच मला समजत नाही. नॉर्थ हॅरो, साउथ हॅरो, वेस्ट हॅरो, हॅरो वील्ड, हॅरो अँड वील्डस्टोन, हॅरो-ऑन-द-हिल अशी सारख्या नावांची ठिकाणे आहेत. घरेही बहुतांश एकाच घडणीची, पुढे अर्धगोलाकार खिडकी आणि बाजूला शेजाऱ्याशी जोडलेली भिंत अशी. हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर टेकडी नसून खरेदी-संकुल आणि बसस्थानक दिसते. गावाला जसा एखादा चौक, बाजार किंवा देऊळ असते आणि त्यावरून दिशा कळते, तसे येथे काय मानावे?

दुकाने आणि उपाहारगृहे यांची यादी मला नको आहे, ती आपोआप सापडतील. हे उपनगर असे का घडले, त्यात आधी कोण राहत होते, कोणत्या सीमा रोजच्या जीवनात खरोखर महत्त्वाच्या आहेत आणि कोणत्या क्रमाने हिंडल्यास ते उलगडत जाईल, हे जाणकारांनी सांगावे. पुढील वर्षी मुलीच्या शाळेचाही विचार करायचा आहे, त्यामुळे त्या दृष्टीनेही काही सांगता आले तर उपकार होतील.

उत्तर: टेकडीकाठ

आपण विचारलेल्या प्रश्नातच उत्तराचे एक टोक आहे. ज्याला आज हॅरो म्हणतात ते मुळात एक गाव नव्हते. मिडलसेक्स परगण्यातील अनेक लहान खेडी, त्यांच्यामधली गवताची कुरणे आणि एक टेकडी असा हा प्रदेश होता. रेल्वेने त्या कुरणांवर घरे आणली आणि खेडी एकमेकांना चिकटली. म्हणून येथे एकच मध्यवर्ती चौक शोधू नये. जुनी खेडी कोणती आणि मधली भर कोणती, हे ओळखू येऊ लागले की सगळे उपनगर वाचता येते.

आरंभ टेकडीपासून करावा असे माझे आग्रहाचे मत आहे. स्टेशनाच्या दक्षिणेकडील दाराने बाहेर पडून चढण चढू लागल्यास पाव तासात आपण वर पोहोचाल. शिखरावर सेंट मेरी चर्च आहे. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांच्या हस्ते १०९४ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले, आणि त्याचा निमुळता मनोरा आजही कित्येक मैलांवरून दिसतो. आपण दिशादर्शक खूण विचारली होती, ती हीच. चर्चच्या आवारातून पश्चिमेकडे पाहिले तर स्वच्छ हवेच्या दिवशी विंडसरचा किल्ला दिसतो, आणि मधल्या पट्ट्यात जी लाल कौलांची घरे पसरलेली दिसतात त्यांतच आपले घर असेल.

चर्चच्या खाली हॅरो स्कूल आहे. जॉन लायन या जवळच्याच वस्तीतील सधन शेतकऱ्याला राणी पहिली एलिझाबेथ हिने १५७२ मध्ये या शाळेची सनद दिली. मूळ हेतू स्थानिक मुलांना मोफत शिक्षण मिळावे हा होता. पुढे शाळेची कीर्ती वाढली, लांबून आलेली श्रीमंत घराण्यांची मुले वसतिगृहांत राहू लागली आणि गावातील मुलांसाठी जागाच उरेना. अखेर १८७६ मध्ये त्यांच्यासाठी जॉन लायनच्या नावाने वेगळी शाळा काढावी लागली. कवी बायरन, पुढे पंतप्रधान झालेले पील, पामर्स्टन, चर्चिल आणि १९०५ ते १९०७ या काळात जवाहरलाल नेहरू हे सर्व या टेकडीवर शिकले. शाळेला एक बंदिस्त आवार नाही, तिच्या इमारती हाय स्ट्रीटवर घरांच्या आणि दुकानांच्या मध्ये विखुरलेल्या आहेत, त्यामुळे रस्त्याने चालतानाच ती पुष्कळशी दिसते. ग्रोव्ह हिलच्या उतारावर एक फलक आहे, तोही पाहावा: २५ फेब्रुवारी १८९९ रोजी येथे झालेल्या अपघातात मोटार चालवणाऱ्याचाच मृत्यू झाला, आणि ब्रिटनमधील तशी ही पहिली नोंदलेली घटना होती.

आता रेल्वेविषयी. स्टेशन टेकडीवर नाही याचे कारण सरळ आहे: मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८० मध्ये आली ती पायथ्याने, कारण रूळ सपाटीवरूनच नेणे शक्य होते. त्यापूर्वी १८३७ मध्येच लंडन–बर्मिंगहॅम मार्गाने वील्डस्टोनजवळ स्टेशन दिले होते, परंतु ते टेकडीवरच्या गावापासून चांगलेच दूर होते. १९०४ मध्ये अक्सब्रिजची शाखा निघाली. तिच्यावरच १९०६ मध्ये रेनर्स लेनचा थांबा आणि १९१३ मध्ये आपले वेस्ट हॅरो स्टेशन झाले. नॉर्थ हॅरो १९१५ मधले, तेही दुसऱ्या शाखेवर. साउथ हॅरो त्याआधीचे, १९०३ मधले, पण ते डिस्ट्रिक्ट रेल्वेने बांधले आणि आज पिकॅडिली लाइनवर येते. म्हणजे दिशांची ही सगळी नावे स्टेशनांबरोबर रुळली. आपल्याला ती गोंधळाची वाटतात, आणि त्याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे.

मेट्रोपॉलिटन रेल्वेची एक गोष्ट इतर कंपन्यांहून निराळी होती. रूळ टाकून उरलेली जमीन कंपन्यांनी विकून टाकावी असा सर्वसाधारण नियम असताना या कंपनीला ती राखून विकसित करण्याची कायदेशीर मुभा मिळाली होती. १९१५ पासून तिने आपल्या मार्गावरच्या प्रदेशाची ‘मेट्रो-लँड’ या नावाने जाहिरात सुरू केली, १९१९ मध्ये घरबांधणीसाठी जोडकंपनी निघाली, आणि रेनर्स लेनच्या परिसरात १९२९ पासून हॅरो गार्डन व्हिलेज नावाची वसाहत उभी राहू लागली. घरही त्यांचेच आणि त्या घरातून कचेरीत नेणारी गाडीही त्यांचीच. आपल्याला एकसारखी दिसणारी जोडघरे प्रामुख्याने या दोन महायुद्धांमधल्या काळातील आहेत. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि बांधकाम थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनभोवतीचा हरित पट्टा राखण्याचा कायदा झाला होता. बरोच्या उत्तरेला घरे एकदम थांबून झाडी का सुरू होते, याचे उत्तर या दोन घटनांत आहे.

घरे एकसारखी आहेत हे मात्र मी पूर्ण मान्य करणार नाही. वेस्ट हॅरो स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या, अरुंद दर्शनी भागाच्या, पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ओळी दिसतील. रेनर्स लेनच्या दिशेने चालू लागल्यास रस्ता रुंद होतो, घरांच्या जोड्या सुट्या होतात, पुढे बाग येते, त्रिकोणी छपराखाली काळ्या लाकडी पट्ट्यांची ट्यूडर धाटणीची नक्कल दिसू लागते. एका स्टेशनाच्या अंतरात तीस-एक वर्षे ओलांडली जातात. रेनर्स लेन स्टेशनाची १९३८ मधील विटांची आणि उंच काचांची इमारतही थांबून पाहण्यासारखी आहे. चार्ल्स होल्डन आणि रेजिनाल्ड युरेन यांनी ती योजली.

उत्तर: नकाशावाचक

टेकडीकाठ यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी सीमांबद्दल लिहितो, कारण कर, कचरा, शाळा आणि मतदान या सर्व गोष्टी सीमेवर ठरतात, आणि नवीन माणसाला त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की पत्त्यातील पोस्टकोडवरून बरो ठरवू नये. ‘एचए’ हा पोस्टकोड टपाल खात्याच्या सोयीचा आहे. त्यात वेम्ब्ली येते, जी ब्रेंट बरोमध्ये आहे. रायस्लिप आणि नॉर्थवुड येतात, जी हिलिंग्डनमध्ये आहेत. पत्त्याखाली अजूनही पुष्कळ लोक ‘मिडलसेक्स’ लिहितात, परंतु १ एप्रिल १९६५ रोजी बृहत्तर लंडनची नवी रचना अमलात आली तेव्हापासून त्या परगण्याचा कारभार उरलेला नाही. त्याच दिवशी आजचा हॅरो बरो अस्तित्वात आला.

पूर्वेकडची सीमा समजण्यास सर्वांत सोपी आहे: ती एजवेअर रोड, म्हणजे रोमनांनी आखलेला सरळ रस्ता. त्याच्या पलीकडे बार्नेट. आग्नेयेला केंटन रोडच्या एका बाजूला हॅरो आणि दुसऱ्या बाजूला ब्रेंट आहे, त्यामुळे केंटनमध्ये समोरासमोरच्या शेजाऱ्यांच्या कचरापेट्या निरनिराळ्या कौन्सिलांच्या असू शकतात. आपल्या भागातील लोक ज्या मोठ्या रुग्णालयात जातात ते नॉर्थविक पार्क रुग्णालयही सीमेपलीकडे ब्रेंटच्या हद्दीत आहे, आणि त्याला लागून असलेला वेस्टमिन्स्टर विद्यापीठाचा हॅरो कॅम्पससुद्धा. आरोग्यसेवेला या सीमेचा अडसर होत नाही. शाळेच्या अर्जात मात्र तिचा विचार करावाच लागतो.

शाळेविषयी दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवाव्यात. शाळा कोणत्याही बरोमधील असो, अर्ज आपण जेथे राहतो त्या कौन्सिलकडे करायचा असतो. इंग्लंडमध्ये प्राथमिक प्रवेशासाठी १५ जानेवारी आणि माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर ही अंतिम तारीख असते. वर्षाच्या मध्येच शाळा बदलायची असेल तर त्याची पद्धत निराळी आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की बहुतेक शाळा घरापासूनच्या अंतरावर निर्णय करतात, आणि मागील वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला याची माहिती कौन्सिल प्रसिद्ध करते. घर बदलण्याचा विचार असेल तर जाहिरातीतील ‘उत्तम शाळेजवळ’ या शब्दांपेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवावा. ते अंतर दरवर्षी कमीजास्त होते, म्हणून मागच्या काही वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहणे अधिक सुरक्षित.

दुसरी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या भारतीय कुटुंबाला सांगतो, कारण अनेकांना ती ठाऊक नसते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे येथे वैध परवानगीने राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदणी करता येते आणि कौन्सिल, महापौर तसेच संसद या सर्व निवडणुकांत मत देता येते. मतदानकेंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. हॅरो कौन्सिलमध्ये २२ वॉर्डांतून ५५ सदस्य निवडले जातात. आपला वॉर्ड कोणता, त्याचे प्रतिनिधी कोण आणि ते लोकांना केव्हा भेटतात, हे पाहून एकदा जाऊन या. रस्त्यावरच्या गाड्यांच्या परवान्यापासून उद्यानातील दिव्यांपर्यंत परिसरात काय खदखदते आहे हे तेथे अर्ध्या तासात जेवढे कळते, तेवढे वर्षभर गाडीने ये-जा करून कळत नाही.

गाड्यांबद्दल थोडेसे. वेस्ट हॅरोवर फक्त अक्सब्रिज शाखेच्या गाड्या थांबतात. हॅरो-ऑन-द-हिलला मात्र सगळ्या शाखा एकत्र येतात, शिवाय चिल्टर्न रेल्वेची गाडी तेथून थेट मॅरिलबोनला जाते आणि मधली बहुतेक स्टेशने गाळते. आपली कचेरी त्या बाजूला असेल तर तुलना करून पाहावी. हॅरो अँड वील्डस्टोनहून यूस्टनसाठीही जलद गाड्या आहेत.

उत्तर: रुळांपलीकडे

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. टेकडी अवश्य पाहावी, पण तिच्यापासून आरंभ केल्यास हॅरो म्हणजे चर्च, शाळा आणि जुनी घरे असे चित्र मनात बसते आणि उरलेले सगळे त्याची उतरंड वाटू लागते. आज येथे राहणाऱ्या बहुसंख्य लोकांचे आयुष्य त्या टेकडीशी जोडलेले नाही. मी वर्षानुवर्षे वील्डस्टोनमध्ये राहतो, आणि नव्या माणसाने आधी येथे यावे असे मला वाटते.

वील्डस्टोन हे कष्टकऱ्यांचे गाव होते. १८९१ मध्ये कोडॅकने येथे कारखाना उघडला आणि सव्वाशे वर्षे तो चालू राहिला. छायाचित्रणाची फिल्म आणि कागद येथून जगभर गेले. १९२३ मध्ये व्हाइटफ्रायर्स हा काचेचा जुना कारखाना लंडन शहरातून येथे हलवण्यात आला आणि १९८० पर्यंत चालला. चित्रकारांचे रंग बनवणारी विन्सर अँड न्यूटनही येथेच होती. कोडॅकचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर आता नवी निवासी वसाहत उभी राहिली आहे. मेट्रो-लँडच्या जाहिरातींतला बागेचा आणि शांततेचा हॅरो खरा आहे. त्याच काळात पाळीच्या भोंग्यावर चालणारा हॅरोही तेवढाच खरा होता, आणि त्याच्या खुणा वेगाने पुसल्या जात आहेत. म्हणून त्या आधी पाहाव्यात.

हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनावर एक स्मृतिफलक आहे. ८ ऑक्टोबर १९५२ च्या सकाळी फलाटावर उभ्या असलेल्या लोकल गाडीला पर्थहून येणारी रात्रीची एक्सप्रेस मागून धडकली, आणि त्या ढिगाऱ्यावर यूस्टनहून सुटलेली तिसरी गाडी आदळली. ११२ माणसे मृत्युमुखी पडली. कामावर निघालेले पुष्कळ लोक त्या लोकलमध्ये होते. आपणही रोज सकाळी याच परिसरातून शहराकडे जाता, म्हणून तेथे क्षणभर थांबावे असे सुचवतो.

माणसांविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन हाकलल्यावर युगांडातून, भारतीय वंशाची कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. युगांडातून आलेल्यांची संख्याच २७ हजारांच्या आसपास होती. त्यांतील अनेक जण प्रथम वेम्ब्लीच्या आसपास राहिले आणि हाताशी थोडा पैसा जमल्यावर पुढच्या स्टेशनांकडे, म्हणजे केंटन, हॅरो, स्टॅनमोर, पिनर यांच्याकडे सरकले. ज्या जोडघरांची जाहिरात रेल्वेने इंग्रज कारकुनांसाठी केली होती, ती या कुटुंबांनी घेतली, वाढवली आणि तेथे तीन पिढ्या एकत्र नांदवल्या. त्यानंतर श्रीलंकेतील यादवीतून सुटलेली तमिळ कुटुंबे आली, आणि अलीकडे रुमानियन. २०२१ च्या जनगणनेत हॅरोची लोकसंख्या सुमारे २ लाख ६१ हजार होती आणि तीत हिंदू २५.८ टक्के होते. इंग्लंड आणि वेल्समधील कोणत्याही स्थानिक प्रशासनापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. सरकारी निधीवर चालणारी देशातील पहिली हिंदू शाळा, कृष्ण अवंती, २००८ मध्ये याच बरोमध्ये, एजवेअरच्या बाजूला सुरू झाली.

आपल्याला येथे मराठी माणसे तुलनेने कमी भेटतील, गुजराती पुष्कळ भेटतील. मराठी सहवास हवा असेल तर डॉलिस हिलला लंडनचे महाराष्ट्र मंडळ आहे. ते १९३२ मध्ये स्थापन झाले आणि जुबिली लाइनने तेथे सहज जाता येते. परंतु माझी कळकळीची विनंती आहे की आपल्याच गल्लीतील पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एखाद्या आजीआजोबांशी आधी बोला. कंपाला किंवा नैरोबीतले दुकान सोडून आल्यावर या रस्त्यावरचे पहिले हिवाळे कसे गेले, त्या वेळी शेजारी कोण होते, मुलांना शाळेत काय सोसावे लागले, हे सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. या उपनगराचा मागच्या पन्नास वर्षांचा इतिहास त्यांच्याजवळ आहे आणि तो एखाद्या इमारतीवरच्या फलकावर लिहिलेला नाही.

प्रतिसाद: नवे बिऱ्हाड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मतदानाच्या हक्काची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. नोंदणीचा अर्ज कालच भरला. आमच्या समोरच्या घरात एक वयस्कर जोडपे राहते, ते कंपालाहून आले असल्याचे यजमानांना त्यांच्याकडूनच कळले, त्यामुळे शेवटच्या उत्तरातील सूचना आम्ही नक्की अमलात आणू.

एकच पुढचा प्रश्न आहे. मुलीला सोबत घेऊन शनिवार-रविवारी हिंडायचे आहे. तिला चालायला आवडते, मात्र इतिहासाच्या पाट्या वाचत उभे राहणे तिला जमणार नाही. टेकडी आणि वील्डस्टोन यांच्याखेरीज कोठे जावे, आणि गाडी नसताना तेथे कसे पोहोचावे?

उत्तर: पायवाट

या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझी दोन्ही मुले याच वाटांवर मोठी झाली.

पहिल्या शनिवारी २५८ क्रमांकाची बस साउथ हॅरोहून पकडा आणि वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसा. ती टेकडीवरच्या हाय स्ट्रीटवरून जाते, खाली हॅरोच्या बाजारात उतरते, तेथून वील्डस्टोन आणि हॅरो वील्ड ओलांडून बुशीमार्गे वॉटफर्डला पोहोचते. टेकडीकाठ आणि रुळांपलीकडे यांच्यात जो मतभेद झाला आहे त्याची दोन्ही टोके एकाच तिकिटात दिसतात, आणि मुलीला खिडकी मिळाली की ती खूश. एखाद्या पावसाळी दिवशी एच९ किंवा एच१० घ्यावी. या दोन बसगाड्या एकमेकींच्या उलट दिशेने हॅरोभोवती वर्तुळ घालतात, त्यामुळे नॉर्थ हॅरो, रेनर्स लेन आणि साउथ हॅरो यांची आपसांतली जागा डोक्यात पक्की बसते. रेल्वेच्या नकाशावर ही स्टेशने वेगवेगळ्या रेषांवर दिसतात आणि दूरची वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या शेजारी आहेत.

मुलांसाठी सर्वांत उत्तम ठिकाण हेडस्टोन मॅनर. साधारण १३१० मध्ये बांधलेले हे लाकडी सांगाड्याचे घर आजही पाण्याने भरलेल्या खंदकाच्या मध्ये उभे आहे, आणि चौदाव्या शतकात ते कँटरबरीच्या आर्चबिशपकडे होते. त्याच्या शेजारी १५०६ मधील प्रचंड धान्याचे कोठार आहे. आता तेथे हॅरोचे संग्रहालय असून प्रवेशाला पैसे पडत नाहीत. व्हाइटफ्रायर्सची रंगीत काच तेथेच पाहायला मिळते, आणि बाहेर मोठे मैदान आहे. खंदकावरचा पूल ओलांडून घरात जाणे हा मुलांना स्वतंत्र आनंद असतो. नॉर्थ हॅरो स्टेशनाहून चालत जाता येते.

त्यानंतर पिनर. येथे जुने खेडे जवळजवळ अखंड उरले आहे: चढती हाय स्ट्रीट, वर चौदाव्या शतकातील चर्च, दोन्ही बाजूंना वाकलेल्या लाकडी चौकटींची घरे. १३३६ मध्ये तिसऱ्या एडवर्डने या गावाला जत्रेची सनद दिली आणि जत्रा आजही भरते. मे महिन्याच्या शेवटच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी पिनरचे रस्ते वाहनांना बंद करून त्यांत पाळणे उभे राहतात. ती शाळेच्या सुटीच्या आठवड्यात येत असल्याने मुलीला नक्की न्या. मात्र आपल्या घरून जाताना हॅरो-ऑन-द-हिलला गाडी बदलावी लागेल, कारण पिनर दुसऱ्या शाखेवर आहे.

चालण्याची आवड असेल तर दोन लांब पायवाटा या बरोमधून जातात आणि दोन्हींवर खुणांचे खांब आहेत. कॅपिटल रिंग ही सुमारे १२६ किलोमीटरची आतली परिक्रमा ग्रीनफर्डहून साउथ केंटनला जाताना टेकडी ओलांडते. शाळेच्या क्रीडांगणांमधून जाणारा तिचा उतार मुलांना फार आवडतो. लंडन लूप ही बाहेरची, सुमारे २४० किलोमीटरची वाट हॅच एंडहून एल्स्ट्रीच्या दिशेने ग्रिम्स डाइक, हॅरो वील्ड कॉमन आणि स्टॅनमोर कॉमन यांच्या झाडीतून जाते. हा पट्टा चालताना शहर कोठे थांबवले गेले ते पायांना कळते: एका बाजूला घरांच्या परसबागांची कुंपणे आणि दुसऱ्या बाजूला ओक आणि बर्चची दाट झाडी. येथील जमीन चिकण मातीची आहे, ऑक्टोबर ते मार्च पाणी मुरत नाही, म्हणून गमबूट घालूनच निघावे. याच बाजूला बेंटली प्रायरी आहे. १९४० च्या हवाई लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे मुख्यालय तेथे होते आणि २०१३ पासून तेथे संग्रहालय आहे, पण ते मुलगी थोडी मोठी झाल्यावर पाहावे. स्टॅनमोरच्या वुड फार्मच्या उंचवट्यावरून मध्य लंडनचे सारे मनोरे एका रांगेत दिसतात, ते मात्र आताच दाखवा.

क्रम विचाराल तर मी हेडस्टोन मॅनर, मग पिनर, मग टेकडी आणि शेवटी हरित पट्टा असा ठेवीन, कारण अंतर आणि चढ हळूहळू वाढत जातात. नॉर्थ हॅरोला जाताना पश्चिमेकडील निवासी गल्ल्यांतून पायी गेलात तर गाडी बदलण्याची गरजही पडत नाही. वेस्ट हॅरोहून ती वाट सपाट आहे आणि मुलीच्या पावलांनीही अर्ध्या-पाऊण तासात होते.